पार्बताबाईचं तिसरं पेव

नांदगाव खंडेश्वराच्या अलीकडं दोन कोसांवर एक लहानसं गाव होतं. त्या गावात पार्बताबाई राहायची, आणि तिच्या घरी काही म्हणजे काही नासत नसे. हे ती स्वतः म्हणत असती तर सोडून देता आलं असतं. पण सगळं गाव तसं म्हणायचं, आणि एकदा गावानं नाव काढलं की ते खरं करून दाखवायची जबाबदारी माणसाच्या डोक्यावर येऊन बसते.

तिच्या तुरीच्या डाळीला कधी किडा लागला नाही. गव्हात कडुनिंबाचा पाला, डाळीला एरंडेलाचा हात, बियाण्याला राख, आणि वर्षातून दोनदा सगळ्याला कडक ऊन, ही तिची रीत. घरात गाडग्यांच्या उतरंडी आढ्याला टेकलेल्या. एका मडक्यातलं तूप इतकं जुनं होतं की ते खायला नव्हे, फक्त जखमेवर लावायला काढत. कुणी भाजलेला, कापलेला माणूस ते मागायला आला की पार्बताबाईला मनातून बरं वाटायचं, हेही सांगितलं पाहिजे. लिंबाचं लोणचं थोरल्या लेकाच्या वयाचं होतं. लेकापेक्षा लोणचं जास्त मुरलं, असं ती चारचौघींत म्हणायची, आणि लेकाला ओळखणाऱ्या बायका मान डोलवायच्या. जुनं ते सोनं ही म्हण बाकीच्यांसाठी म्हण होती. पार्बताबाईसाठी तो कुळधर्म होता.

पण तिची खरी ऐट पेवांची. जमिनीत पुरुषभर खोल खड्डा खणायचा, तोंड अरुंद, पोट मोठं. आतून कडबा लावायचा, त्यात ज्वारी भरायची, वर पुन्हा कडबा आणि तोंडावर मातीचा जाड गिलावा. दुष्काळ पडला तर उघडायचं, नाहीतर विसरून जायचं. पार्बताबाईच्या घरामागच्या आवारात अशी तीन पेवं होती, आणि गावातली माणसं वाटसरूंना ती देऊळ दाखवावं तशी दाखवायची.

पेवाचा एक नियम होता. बंद पेवात हवा कुजते. उघडल्यावर त्यात लगेच कुणी उतरायचं नाही. आधी दोरीला बांधून जळता दिवा आत सोडायचा. दिवा विझला तर माणसानं बाहेर थांबायचं, जळत राहिला तर खुशाल उतरायचं. शेजारच्या गावात एक गडी दिवा न सोडता उतरला तो वर आला नाही, आणि त्याला काढायला उतरलेला भाऊही आला नाही. त्या दिवसापासून पार्बताबाईच्या आवारात दिव्याशिवाय पेव उघडलं गेलं नाही. दोरी ती स्वतः धरायची. उतरणारा म्हणजे तिचा जुना गडी नत्थुजी, आणि नत्थुजीचा जीव आपल्या हातातल्या दोरीवर आहे असं ती मानायची. हा तिचा गुण खराच मोठा होता, आणि पुढं जे झालं ते याच गुणानं झालं.

इकडं असं असताना तिकडं सातासमुद्रापार गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भांडण कुणाचं, कशावरून, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. पण ते एवढ्यात मिटू नये म्हणून पार्बताबाईच्या नवऱ्यानं, खुशालरावानं, मारुतीपुढं नारळ फोडला होता.

खुशालराव तोवर साधा माणूस होता. कापसानं त्याला बिघडवलं असं म्हणणं कापसावर अन्याय होईल. त्याच्यात होतं ते कापसानं वर आणलं. त्यानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. अमरावतीहून भिंतीवरचं घड्याळ आणलं. त्यात वेळ पाहता कुणालाच येत नव्हती, पण टोले पडले की आलेल्या पाहुण्यांकडं तो असा पाहायचा, जणू टोला त्यानंच दिला. आणि शेतात? शेतात धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत कापूस. ज्वारीला वाफाभर जागा उरली नाही.

"ज्वारी इकत घेऊ," तो म्हणाला. "आता ज्वारी पेरते तो येडा."

त्यामुळं त्या साली तिसरं पेव रिकामं राहिलं. पार्बताबाईच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं होतं. आवारात जाता-येता ती त्याच्या उघड्या तोंडाकडं पाहायची. रिकामं भांडं आणि रिकामं पेव तिला सहन होत नसे. नेमकी ही गोष्ट तिच्या अंगाशी आली.

जमुना तिची धाकटी लेक. अकोल्याकडच्या शालिकरामजींच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. शालिकरामजींकडंही कापूसच पिकला होता, त्यामुळं दोन व्याह्यांत सोयरीक कमी आणि शर्यत जास्त. शालिकरामजींनी नवरदेवासाठी चांदीच्या अंबारीसारखी सजवलेली बैलांची दमणी आणायचं कबूल केलं. खुशालरावानं मिशीवर हात फिरवला आणि म्हणाला, "आणा. मी अशी दारू उडवीन का अमरावतीले उजेड दिसन."

मग अमरावतीच्या दाऊदमिया आतषबाजाला सांगावा गेला. दाऊदमिया स्वतः माल घेऊन आला. एक गाडीभर भुईनळे, बाण, चंद्रज्योती, आणि माणसाच्या मांडीएवढे मातीचे नळे, ज्यांतून म्हणे सोन्याचं झाड उगवणार होतं. दाऊदमिया बोलायला लागला की त्याचेच नळे लाजावेत. आपल्या आजानं कुठल्याशा नवाबाच्या लग्नात उडवलेले बाण बारा वर्षं कोठीत पडून होते आणि तरी चांदण्यांना भिडले, हे त्यानं सांगितलं. नंतर पानाची पिंक टाकून त्याच तोंडानं हेही सांगितलं, "मगर पाटलीनबाई, ये चीज उडाने की है, रखने की नही. बारिश के पहले उडा दो. इसमें लोहे का बुरादा है और गंधक है. दोनों को नमी लगी का आपस में लडते हैं, और लडाई की गरमी कोठी को खाती है. बच जाए तो मुझे वापस दो, नया माल दूंगा, सस्ते में."

खुशालरावानं यातलं नवाबाचं लग्न ऐकलं. पार्बताबाईनं शेवटचं वाक्य ऐकलं, आणि मनात म्हणाली, अस्सं, म्हणजे नवा माल खपवायला जुन्याला नावं ठेवून राहिला मेला. त्या वर्षी वऱ्हाडात जो तो काहीतरी विकत होता. खरं बोलणारा माणूसही विक्रेताच वाटायचा, आणि दाऊदमिया तर खरोखरच विक्रेता होता.

लग्न वैशाखात होतं. चैत्रात शालिकरामजींचे वडील वारले. घरात मृत्यू झाला की लग्न वर्षाच्या आत उरकावं, नाही तर तीन वर्षं थांबावं, अशी रीत. त्यांनी लगेच ज्येष्ठातला मुहूर्त काढला, तर ऐन तेव्हा अकोल्याकडं पटकीची साथ आली आणि माणसं लग्नाला नव्हे, गाव सोडून जायला गाड्या जुंपू लागली. मुहूर्त गेला, आणि त्या वर्षात दुसरा निघेना. मग तीन वर्षांचं बंधन मोडावं की पाळावं यावर दोन्हीकडचे जोशी भांडत बसले. गाडीभर दारू मात्र खुशालरावाच्या घरी येऊन पडली होती, आणि पावसाळा तोंडावर होता.

खुशालरावानं ती आधी कापसाच्या कोठीत ठेवली होती. तिथं तो रोज चिलीम घेऊन बसायचा. पार्बताबाईला हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला.

"दारूजवळ इस्तव घेऊन बसता, अवो, घर जाळता का?"

"मंग कुठी ठेवू? दाऊदले वापस देऊ? व्याही म्हनन, खुशालरावानं दारू वापस देली, भाव पडला वाटते."

"माह्याकडं द्या," पार्बताबाई म्हणाली. "मी ठेवते बरोबर."

हे तीन शब्द बोलताना तिला किती समाधान वाटलं असेल हे ज्यांनी आयुष्यभर वस्तू सांभाळल्या त्यांनाच कळेल. रिकामं पेव, आणि ठेवायला वस्तू. जमिनीच्या पोटात ना चिलीम जाणार ना चुलीची ठिणगी. विचार चुकीचा नव्हता, एवढंच की अर्धा होता.

तिनं दारू अशी ठेवली जशी तिनं आयुष्यात प्रत्येक गोष्ट ठेवली होती. आधी आवारात चादरी अंथरून नळे आणि बाण उन्हात घातले, कुरडया घालतात तसे, आणि कावळे हाकलत बसली. मग मातीच्या नळ्यांना एरंडेलाचा हात दिला. थराथरात कडुनिंबाचा पाला घातला, किडा लागू नये म्हणून. दारूला कुठला किडा लागतो हे तिला कुणी विचारलं नाही, कारण पार्बताबाईला असले प्रश्न विचारायची गावात पद्धत नव्हती. वर कडबा, त्यावर माती, त्यावर शेणाचा गिलावा, आणि गिलाव्यावर तिच्या पाचही बोटांचा ठसा. पाला हिरवा होता आणि तेल ओलं होतं. पाऊस पडायच्या आधीच पेवाला ओल तिनं स्वतःच्या हातानं दिली होती.

गावानं वाहवा केली. लग्नाची दारू पेवात ठेवणारी बाई पंचक्रोशीत दुसरी नव्हती. ही गोष्ट बाजारातून बाजारात गेली, अमरावतीहून बडनेऱ्याला, तिथून अकोल्याला. पार्बताबाईची ठेवण, असं त्या रीतीला नावही पडलं.

पहिला पावसाळा गेला. मग तिकडची लढाई संपली. मारुतीनं खुशालरावाच्या नारळाकडं दुर्लक्ष केलं, आणि कापसाचा भाव असा पडला की बाजारातून परत येणाऱ्या माणसांची तोंडं पाहून बायका चुलीतली लाकडं काढून घ्यायच्या. बैलांच्या शेंब्या एकेक करून उतरल्या. घड्याळ भिंतीवर राहिलं, कारण ते घेणारं कुणी भेटलं नाही. आता खुशालरावाच्या त्या चार वर्षांच्या ऐश्वर्यातलं खऱ्या अर्थानं शिल्लक असं एकच उरलं होतं, ते म्हणजे तिसरं पेव. दिवसातून एकदा तरी तो म्हणायचा, "दारू हाये ना आपली? हाये ना जशीच्या तशी?" आणि पार्बताबाई म्हणायची, "माह्या घरी काई नासत नाई."

दुसरा पावसाळा जोराचा झाला. आश्विनात एक दिवस ती आवारात गेली, तर गावातलं लंगडं कुत्रं तिसऱ्या पेवावर गुरगुटून झोपलेलं. हाकललं, पुन्हा आलं. ज्वारीचं पेवही आतून थोडं तापतं, म्हणून तिनं मनाला समजावलं. पण ज्वारीच्या दोन पेवांवर कुत्रं जात नव्हतं. कुणी पाहत नाही असं बघून तिनं तळहात टेकवला. जमीन कोमट होती, नुकतं दूध काढलेल्या गाईच्या पोटासारखी.

मग वास सुरू झाला. नासक्या अंड्याचा.

शेजारीण गोदाबाई कुंपणावरून म्हणाली, "पार्बताबाई, कायचा वास येऊन राहिला वं तुमच्या आवारातून?"

"तुह्या नाकाचा," पार्बताबाई म्हणाली आणि घरात गेली.

घरात जाऊन ती उतरंडीपाशी उभी राहिली. आपलं काहीतरी चुकलंय हे तिला त्या क्षणी कळलं होतं. कळलं होतं आणि ते कळणं तिनं एखाद्या गाडग्यात घालून वर फडकं बांधून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडून पाहिली आणि आत नासलेलं निघालं, तर ज्या बाईच्या घरी काही नासत नाही ती बाई कोण उरते? नवऱ्याची शेती गेल्यात जमा होती, ऐट गेली होती. तिचं नाव तेवढं शाबूत होतं.

माघात दाऊदमिया दारावरून गेला, दुसऱ्या कुणाचा तरी माल पोचवायला. पार्बताबाईनं त्याला पाणी दिलं. त्यानं नाक वर करून हवा हुंगली.

"पाटलीनबाई, वो माल अबतक रखा है?"

"हाये."

"उसको हाथ मत लगाओ. पानी छोडो, जित्ता पिएगा उत्ता पानी. और नया..."

"नवा माल देसान, सस्त्यात," ती म्हणाली. "जा बापा, तुहं गिऱ्हाईक वाट पाहून राहिलं."

अखेर जोशी थकले आणि वैशाखातला मुहूर्त निघाला. जमुना तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि त्या काळच्या हिशेबानं हे उशिराचंच लग्न. वऱ्हाड अकोल्याहून निघालं. ते पोचायच्या दिवशी दुपारी खुशालराव, व्याह्यांना सामोरं जायला, वाजंत्री घेऊन गावाच्या शिवेवर गेला. जाताना सांगून गेला, पेव उघडा, माल वर काढा, सूर्य मावळला की उडवायचा.

आवारात पार्बताबाई आणि नत्थुजी दोघंच. बाकीची माणसं मांडवात. नत्थुजीनं गिलावा उकरला. कडबा ओढला तर तो काळा, चिकट, आणि हाताला चटका बसावा असा गरम. आतून उबाऱ्यासारखा श्वास वर आला. नत्थुजी मागं सरकला.

"बाई, हवा लय खराब हाये."

पार्बताबाईला तो वास पुरता ओळखीचा होता. क्षणभर तिला वाटलं, सांगावं, नत्थुजी, माती लोटून दे वरून, काही काढू नको. पण शिवेवर वाजंत्री वाजत होती, आणि संध्याकाळी नवरा विचारणार होता. मग तिनं तेच केलं जे अशा वेळी ती नेहमी करायची. आपल्या गड्याच्या जिवाची काळजी घेतली.

"दिवा आन," ती म्हणाली. "दिव्याबिगर उतरायचं नाई."

नत्थुजीनं शिंक्यात पणती ठेवली, पेटवली, दोरी बांधली. दोरी तिनं हातात घेतली. पेव उघडताना जी खबरदारी घ्यायची ती सगळी घेतली गेली. नियमात एका शब्दाची कसूर नव्हती. ज्वारीचा नियम दारूला लावला, एवढंच झालं.

दिवा हातभर खाली गेला असेल.

त्यानंतर जे झालं त्याचा आवाज नांदगावापर्यंत ऐकू गेला. पेवाच्या तोंडातून आगीचा खांब निघाला आणि कडुनिंबाच्या शेंड्याला लागला. पाठोपाठ बाण निघाले, सरळ, आडवे, एक तर थेट घरात शिरला आणि घड्याळाला लागून पडला. भर उन्हात सोन्याची झाडं उगवली आणि चंद्रज्योती पेटल्या, ज्यांच्याकडं पाहायला तिथं कुणी उभं नव्हतं. बैल दावं तोडून पळाले. नत्थुजी कडब्याच्या गंजीत जाऊन पडला आणि बाहेर आला तेव्हा त्याला आपलं नावही ऐकू येत नव्हतं. पार्बताबाई मागं फेकली गेली, म्हणून वाचली. तिच्या भुवया गेल्या, कपाळावरचे केस गेले आणि उजवा तळवा भाजला. मेलं कुणीच नाही. याचं श्रेय दैवाला द्यायला हरकत नाही, शहाणपणाला देण्याची सोय नाही.

शिवेवर शालिकरामजी नुकतेच दमणीतून उतरत होते. आवाज झाला, धूर वर चढला, रंगीत ठिणग्या दिसल्या. सगळं वऱ्हाड जागच्या जागी थांबलं.

"हे काय वो?" शालिकरामजींनी विचारलं.

खुशालरावाला काय झालं ते कळायला वेळ लागला, पण उत्तर द्यायला लागला नाही. "सलामी," तो म्हणाला. "तुमच्यासाठी. एकदमच. आमी काई थेंब थेंब पाजत नाई."

शालिकरामजी हरले. त्यांनी मान्य केलं की वऱ्हाडात अशी सलामी कुणा वरबापाला मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत ही सलामी गावातही खरी झाली. ज्यांनी जळका कडबा आपल्या हातानं विझवला तेसुद्धा सलामीच म्हणू लागले. पार्बताबाईच्या घरी काही नासत नाही, दोन पावसाळ्यांनंतरही दारू काय उडाली, वा. तिच्या नावाला तडा गेला नव्हताच, उलट ते दुप्पट झालं होतं.

ती आत पडून होती. मडक्यातलं ते जुनं तूप गोदाबाईनं तिच्या तळव्याला लावलं. आग होत होती, आणि बाहेर लोक तिचं नाव घेत होते. लाज वाटायला हवी होती, ती वाटली. पण खरं सांगायचं तर सुटकाही वाटली. निभावलं. कुणाला कळलं नाही.

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी विहीण माणिकबाई तिला भेटायला आत आली, शालिकरामजींची बायको, भली बाई, बोलकी.

"विहीनबाई, तुमच्या हाताची कीर्ती अकोल्यापावतो गेली," ती म्हणाली. "आमी बी तसंच केलं."

"काय केलं?"

"आमचीबी दारू पडून होती ना, त्याच सालची, दाऊदमियाचीच. सून आनू तवा उडवू म्हून ठेवली. तुमच्यावानीच पेवात घातली. तेल लावलं, पाला घातला. पेव आमचं सैपाकघराच्या भिंतीले लागून हाये, म्हून जागा कशी कोरडी."

पार्बताबाई उठून बसली. "जमीन गरम लागते का?"

"ऊब राह्यते चांगली. थंडीत आमचे नातू तठीच निजतात." माणिकबाई हसली. "जमुनेचा पाय उंबऱ्यात पडला का उघडायचं. दिवा सोडून, बरं का, तुमच्या रीतीनं."

पार्बताबाईच्या डोळ्यांपुढं तो उंबरा आला, स्वयंपाकघराची ती भिंत आली, आणि त्या उंबऱ्यात माप ओलांडणारी अकरा वर्षांची जमुना. आईची रीत लेकीच्या आधी त्या घरात जाऊन बसली होती.

ती उठली. डोक्यावर पदर घेतला, पण भुवया नसलेलं कपाळ पदरात मावेना. ती तशीच मांडवात गेली, जिथं पुरुषांची पंगत बसली होती आणि खुशालराव व्याह्यांना जिलबीचा आग्रह करत होता. बाईमाणसानं पुरुषांच्या पंगतीसमोर येऊन बोलायचं म्हणजे त्या काळी मांडवाचा खांब कोसळल्यासारखं.

"शालिकरामजी," ती म्हणाली, "थे सलामी नव्हती."

खुशालरावाच्या हातातली जिलबी तशीच राहिली. "हिले तरास झाला कालपासून," तो घाईनं म्हणाला. "बरळून राहिली."

"बरळत नाई. दारू नासली होती. मले वास येत होता, जमीन गरम लागत होती. दाऊदमियानं दोनदा सांगतलं. मी गप राह्यली, माह्या नावापाई. नत्थुजी मराचा राहिला. माह्या घरी नासली." भाजलेला तळवा तिनं पुढं धरला. "तुमचीबी नासली हाये. पेवाले हात लावू नोका. तोंड उघडू नोका, दिवा सोडू नोका. दुरून चर खना आन मोटेचं पानी सोडा, पेव भरून वाहेस्तोवर. तसं झाल्याचा सांगावा येईस्तोवर माही पोरगी गाडीत बसनार नाई."

मुलीकडच्या बाईनं वरबापाला अट घातल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. शालिकरामजींचा चेहरा लाल झाला.

"सून आमची हाये आता," ते म्हणाले. "आन तुमच्या घरी तर काई नासत नाई म्हनतात."

"नासते," पार्बताबाई म्हणाली.

शालिकरामजी पानावरून उठायच्या बेतात होते. उठले असते तर सोयरीक तिथंच मोडली असती. पण मागं दारात माणिकबाई उभी होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं. तिला ना गंधक कळत होता ना लोखंडाचा कीस. तिला फक्त आपल्या नातवांची अंथरुणं कुठं घातलेली असतात ते आठवलं.

"घोडा काढा," ती नवऱ्याला म्हणाली. "आत्ता."

घोडेस्वार अकोल्याला गेला. सांगावा येईपर्यंत सगळं वऱ्हाड खुशालरावाच्या घरी जेवत राहिलं, आणि कापसानं उरलं-सुरलं ठेवलं होतं ते वऱ्हाडानं संपवलं. मग स्वार परत आला. पाणी सोडल्यावर पेव दिवसभर उकळल्यासारखं गुरगुरलं, पिवळा फेस वर आला, वासानं गल्ली रिकामी झाली, आणि स्वयंपाकघराची ती भिंत वीतभर खचली. पण आगीचा लोळ उठला नाही आणि माणूस गेला नाही. ते ऐकून पार्बताबाईनं जमुनेची ओटी भरली आणि तिला गाडीत बसवलं.

गावानं तिला माफ केलं नाही. खोटं बोलली असती तर केलं असतं. ज्या बायका डाळीची रीत विचारायला यायच्या त्यांनी येणं सोडलं, आणि कुणाच्या घरी लोणच्याला बुरशी आली की म्हणायच्या, पार्बताबाईच्या हातचं दिसते. ती ऐकून घ्यायची. वाईट वाटायचं तिला, शेवटपर्यंत वाटायचं. खुशालराव तर मरेपर्यंत म्हणत राहिला की ती सलामीच होती.

अकोल्यालाही तेच. दूध फाटलं, पीठ आंबलं, दळणात किडा निघाला, की सासरचं कुणीतरी म्हणायचंच, आईच्या वळणावर गेली, हिच्या माहेरी तर दारूसुद्धा नासते. आणि जमुना हे टोमणे त्याच स्वयंपाकघरात बसून, स्वतःचे केस पिकेपर्यंत ऐकत राहिली.